हिपॅटायटिस सी आणि रक्तशर्करा

यकृताला बाधणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गात शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो (याला इन्सुलिन-रोध म्हणतात) आणि रक्तातील साखर वाढण्याकडे कल होतो. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. यकृताचे जुनाट विकार व मधुमेह यांची सांगड मात्र त्याहून जुनी असून, ती घालण्याचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास जर्मन वैद्य बर्नहार्ड नाउनिन यांना दिले जाते.

मधुमेहाला कारण विषाणू की त्याने पोखरलेले यकृत, हा मुख्य वाद आहे. सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कठीण झालेल्या, रुग्णांतही हिपॅटायटिस सी असलेल्यांमध्ये मधुमेह अधिक असल्याचे १९९४ च्या सुमारास नोंदले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारित, २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात चाळिशी ओलांडलेल्या बाधितांमध्ये दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाची शक्यता तिपटीहून अधिक निघाली. त्याच पाहणीच्या १९९९ ते २०१० या काळातील आकड्यांत मात्र हा संबंध दिसला नाही. तेथे मधुमेहाशी निगडित आढळली ती यकृतातील विकरांची (एन्झाइम्सची) रक्तात वाढलेली पातळी. लोकसंख्येच्या पाहण्यांपेक्षा प्रयोगशाळेतील पुरावा विषाणूच्या बाजूने अधिक झुकतो. विषाणूचे गाभा-प्रथिन यकृतात निर्माण करणाऱ्या, जनुकीय बदल केलेल्या उंदरांमध्ये वजन न वाढता आणि यकृतात चरबी साठण्यापूर्वीच इन्सुलिन-रोध दिसला, व ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा हा दाहकारक घटक निष्प्रभ केल्यावर तो ओसरला. इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढे नेणारी प्रथिने अशा वेळी नीट काम करीत नाहीत आणि जेवणानंतरही यकृत ग्लुकोज तयार करणे पुरेसे थांबवत नाही. असे असले, तरी सिऱ्होसिस झाल्यावर विषाणूचा व यकृतविकाराचा वाटा वेगळा काढणे अवघडच.

जनुकीय रचनेनुसार या विषाणूचे प्रकार (जनुकप्रकार) पडतात; भारतात त्यांतील तिसरा अधिक आढळतो. त्यात यकृतातील चरबी बरीचशी थेट विषाणूमुळे साठते व इन्सुलिन-रोधाशी तिचे नाते तुलनेने सैल असते. म्हणून पहिल्या जनुकप्रकारावरील पाश्चात्त्य निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे.

निदानात एक अडचण आहे. सिऱ्होसिसमध्ये उपाशीपोटीची साखर सामान्य असूनही जेवणानंतरची वाढलेली असू शकते. शिवाय प्लीहा वाढून तांबड्या पेशींचे आयुष्य घटले, तर एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते.

पूर्वीच्या इंटरफेरॉन उपचारात क्वचित पहिल्या प्रकारचा मधुमेह उद्भवत असे. विषाणूवर थेट काम करणाऱ्या आताच्या गोळ्यांनी विषाणू नाहीसा झाल्यावर अनेकांचा इन्सुलिन-रोध कमी होतो; त्यामुळे इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांची साखर, विशेषतः उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत, धोकादायकरीत्या उतरू शकते आणि मधुमेहाच्या औषधाची मात्रा घटवावी लागते. हिपॅटायटिस बी व मधुमेह यांच्या संबंधाबाबतचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.