पेपर हातात पडला की आठवेनासं का होतं?

पहिलाच प्रश्न तोंडपाठ धड्यावरचा आणि नेमकं काहीच आठवत नाही. पेपर देऊन बाहेर पडलं की जिना उतरता उतरता तेच उत्तर ओळीनं आठवत जातं. 'अभ्यासच केला नव्हतास' हा घरच्यांचा निकाल इथे टिकत नाही. केला नसता तर ते जिन्यातही आठवलं नसतं.

लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे काढले. एक शरीराचा: छातीत धडधड, हाताला घाम, पोटात गोळा. दुसरा काळजीचा: 'बाकीचे केवढं भराभर लिहिताहेत, माझं राहिलं तर?' नंतरच्या संशोधनात वारंवार दिसलं, की गुण जातात ते मुख्यतः काळजीमुळे. धडधडीवर आपण उगाच सगळं खापर फोडतो.

आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टींसाठी मेंदूत जागा फार थोडी असते, साधारण चार गोष्टी मावतील एवढी. गणितातला हातचा, मागच्या पायरीचं उत्तर, प्रश्नातली अट, सगळं तिथेच. 'नापास झालो तर' हा विचारही तिथेच येऊन बसतो. मग हातचा निसटतो.

त्यात भर कॉर्टिसॉलची. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक सोडतात. आधी शिकलेलं आठवून काढण्यात ते अडथळा आणतं, पण तणावाच्या क्षणी घडलेलं मात्र पक्कं कोरून ठेवायला मदत करतं. सनावळी विसरते आणि ती विसरल्याची फजिती वर्षानुवर्षं लक्षात राहते, ती अशी.

ताण डोक्यापुरता राहत नाही. 1998 मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाच्या 11 विद्यार्थ्यांच्या टाळूला मुद्दाम बारीकशी जखम केली, एकदा सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी 40 टक्के जास्त वेळ लागला. ही मुलं विशीतली होती. किशोरवयात तर भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडतच असतो, तो विशीच्या मध्यापर्यंत. या वयात झोपेचं घड्याळही पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. गरज मात्र 8 ते 10 तासांची. त्यामुळे जागून केलेली शेवटची उजळणी बहुधा तोट्यात जाते. झोपेतच तर वाचलेलं पक्कं होतं.

परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली की गुण वाढतात, असं 2011 च्या एका प्रयोगात दिसलं आणि ते खूप गाजलं. 2018 मध्ये तोच प्रयोग मोठ्या गटावर केला, तेव्हा तसा फायदा आढळला नाही. लिहून बरं वाटत असेल तर जरूर लिहावं, गुणांची हमी कुणी देऊ नये.

माझा भरवसा 2016 च्या एका प्रयोगावर जास्त आहे. त्यात 120 जणांनी शब्द आणि चित्रं पाठ केली, निम्म्यांनी पुन्हा पुन्हा वाचून, निम्म्यांनी न बघता आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या काहींना परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी हिशेब करायला लावून चांगला घाम फोडला. वाचणाऱ्यांची स्मरणशक्ती ढासळली, आठवून पाहणाऱ्यांची शाबूत राहिली. म्हणजे धडा चौथ्यांदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटावं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहावं आणि मग उघडून काय सुटलं ते बघावं. कागद निम्मा कोरा राहिला तर पहिल्या दिवशी घाबरायला होतंच.