जुन्या कॅमेऱ्यात दोन-दोन दिसतं, कारण तो मोजतोय

"याच्यात सगळं दोन-दोन दिसतंय. लेन्स गेलीय याची." सोलापूरच्या जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात, इतकंच काय, फोटोग्राफीवर पोट असलेल्यांच्या तोंडूनही मी हे वाक्य ऐकत आलोय. परवा एका ओळखीच्या घरी माळ्यावरून निघालेला कॅनोनेट क्यूएल 17 जी-थ्री याच निदानावर भंगारात चालला होता. 1972 साली बाजारात आलेला हा कॅमेरा. त्याची 40 मिमी, एफ/1.7 लेन्स आरशासारखी लख्ख होती. दोन-दोन दिसणं हा त्याचा आजार नव्हताच. त्या दोन प्रतिमा हेच त्याचं अंतर मोजायचं साधन आहे.

हात लांब करून अंगठा धरा आणि डोळे आलटून पालटून मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. दोन डोळ्यांमधलं अंतर ठाऊक असेल आणि उडीचा कोन मोजता आला, तर अंगठा किती दूर आहे ते शाळेतल्या त्रिकोणमितीनं सांगता येतं. 1802 साली विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटर लांबीची पायारेषा, म्हणजे त्रिकोणाची पहिली बाजू, मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचत हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, ती याच तत्त्वावर. 1838 मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं एका ताऱ्याचं अंतर काढलं, तेव्हा पायारेषा होती पृथ्वीच्या कक्षेइतकी. कॅनोनेटसारख्या रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस करणाऱ्या, कॅमेऱ्याची पायारेषा जेमतेम बोटभर असते.

त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. मोठीतून आपण समोरचं दृश्य थेट पाहतो, पण मध्ये तिरका बसवलेला एक अर्धपारदर्शक आरसा असतो. लहान खिडकीतून आलेला प्रकाश दुसऱ्या आरशावरून वळून या अर्ध्या आरशावर येतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. म्हणून दृश्याच्या मधोमध फिकट पिवळसर चौकोनात दुसरी प्रतिमा तरंगताना दिसते. फोकसची कडी फिरवली की लेन्स पुढेमागे होते, तिच्याबरोबर एक तरफ हलते, तरफेबरोबर आरसा फिरतो आणि दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या, की लेन्स त्या अंतरावर फोकस झाली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. व्ह्यूफाइंडर लेन्समधून पाहतच नाही. लेन्सला टोपण लावून ठेवलं तरी दोन-दोन दिसणारच. मग दोष लेन्सचा कसा?

आता थोडे आकडे. मला या यंत्राचं वेड लागलं ते या आकड्यांमुळे. हिशेबाला सोपं म्हणून पाया, म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर, 30 मिमी धरू. एक मीटरवरच्या वस्तूसाठी दोन्ही दृष्टिरेषांमधला कोन होतो 1.72 अंश, दहा मीटरवर 0.172 अंश आणि अनंतावर शून्य. परावर्तित किरण आरशाच्या दुप्पट कोनात वळतो, त्यामुळे आरशाला याच्या निम्मंच फिरावं लागतं. म्हणजे दहा मीटरपासून थेट चंद्रापर्यंतचं सगळं जग आरशाच्या 0.086 अंशात बसवायचं! आरसा हलवणाऱ्या तरफेचा दांडा 10 मिमीचा असेल, तर तिचं टोक या सगळ्या प्रवासात 0.015 मिमी सरकतं. पंधरा मायक्रॉन. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

एवढ्या बारीक हालचालीवर चालणारं यंत्र पन्नास वर्षांनी बिघडलं यात नवल नाही, ते इतके दिवस चाललं हेच नवल. तरफेखाली वाळलेल्या ग्रीसचा पातळसा थर बसला, तरी अनंतावरची वस्तू दहा मीटरवर असल्यासारखी दिसते. अशा वेळी दुरुस्ती म्हणजे फक्त मोजपट्टीचा शून्य पुन्हा शून्यावर आणायचा.

पण आधी लेन्सचा शून्य तपासायचा. हा क्रम चुकला की पुढची सगळी मेहनत वाया. मागचं दार उघडून, फिल्म ज्या दोन रुळांवरून जाते त्यांवर मॅट सेलोटेप किंवा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा. शटर 'बी'वर, म्हणजे बटण दाबून धरेपर्यंत, उघडं ठेवायचं, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडायचं आणि कडी अनंतावर ठेवून दूरचा मोबाइल टॉवर त्या कागदावर भिंगातून पाहायचा. तो रेखीव दिसला की लेन्स बरोबर. मग वरचं कव्हर काढून रेंजफाइंडरचे स्क्रू हाती घ्यायचे. एकानं प्रतिमा आडवी सरकते, दुसऱ्यानं उभी. उभ्या सरकण्याचा अंतराशी संबंध नसतो, ती फक्त समपातळीत आणायची. आडवी मात्र टॉवरवर तंतोतंत जुळायला हवी. स्क्रू फिरवायचा तो केसभरच, मग थांबून पाहायचं, मग पुन्हा केसभर.

किती दूरची खूण घ्यावी? डोळ्याला साधारण एक मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक कळतो. व्ह्यूफाइंडर दृश्य लहान करून दाखवतो. ते 0.6 पट धरलं, तर 30 मिमीचा पाया कामाला येतो 18 मिमीच. या हिशेबानं 62 मीटरपलीकडचं सगळं कॅमेऱ्याच्या लेखी अनंतच. पण दोन रेषा जुळल्या की नाहीत हे ओळखण्यात डोळा एका मिनिटापेक्षा बराच तरबेज असतो, म्हणून मी अर्ध्या किलोमीटरच्या आतली खूण घेत नाही. रात्री चंद्र उत्तम.

अंतर मोजण्यातली चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्याच आकड्यांनी ती दोन मीटरवर साडेसहा सेंटिमीटर येते, पाच मीटरवर 40 सेंटिमीटर. पण एफ/1.7 वर, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, पाच मीटरला फोकस केला, तर साधारण 4.3 ते 5.9 मीटरपर्यंतचं स्वीकारार्ह रेखीव येतं. चूक तिथे पचून जाते. बोटभर पाया पुरतो तो यामुळे.

प्रतिमा आडवी सरकते, म्हणून जुळवायला उभी कड लागते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वज, ती उंच उभी काठी, यासाठी आदर्श. उलट आडव्या पट्ट्यांच्या चादरीवर कितीही डोळे ताणा, काही कळत नाही. आणि खरी फसगत होते ती मागावर. सोलापुरात यंत्रमागाचे फोटो काढायची हौस कुणाला नसते? पण ताण्याचे धागे उभे, समांतर आणि सगळे सारखे. एका धाग्याची प्रतिमा शेजारच्या धाग्यावर बसली, तरी डोळा म्हणतो, जुळलं! ताण्यात 5 मिमी अंतरानं रंगीत पट्टे असतील आणि माग एक मीटरवर असेल, तर 30 मिमी पायाच्या कॅमेऱ्यात खोटी जुळणी 1.2 मीटरवर होते आणि दुसऱ्या बाजूला 86 सेंटिमीटरवर. सूत्र सोपं आहे: खरं अंतर गुणिले पाया, भागिले पाया वजा किंवा अधिक पट्ट्यांमधलं अंतर. ॲपर्चर पूर्ण उघडं असताना एक मीटरवर या लेन्सला दोन्हीकडे जेमतेम तीन सेंटिमीटरची सूट असते, त्यामुळे फोटो हमखास भुरकट येतो. अशा वेळी कापडाच्या काठावर जुळवायचं. तिथे कड एकच असते, शेजारी भुलवणारी दुसरी रेषा नसते.

चौकोन फिका पडला असेल, तर अर्ध्या आरशाला कापसाचा बोळा लावण्याआधी शंभरदा विचार करा. अनेक जुन्या कॅमेऱ्यांत तो धातूचा थर इतका नाजूक असतो की धुळीबरोबर तोच निघून येतो, आणि मग खरोखरच कॅमेरा गेला. त्यापेक्षा सोपा बदल म्हणजे मोठ्या खिडकीच्या बरोबर मध्ये काळ्या टेपचा बारीक ठिपका. मधला थेट प्रकाश अडतो आणि दुसरी प्रतिमा ठसठशीत उठून दिसते. ठिपक्याचा आकार मात्र करून पाहूनच ठरवावा लागतो.

शटरच्या पाकळ्या चिकटणं हे या मॉडेलचं नेहमीचं दुखणं. आतलं वंगण पसरत पाकळ्यांवर येतं, आणि मे महिन्यात गाडीत विसरलेल्या कॅमेऱ्यात तर ते आणखी पातळ होऊन धावतं. पाकळ्या कोरड्याच हव्यात, त्यांना तेल द्यायचं नाही. दाराच्या कडेचा फोम चिकट लगदा झालेला असतो. तो खरवडून काळी लोकर बसवावी. सुती दोरा नको, त्याचे तंतू सुटतात.

राहिला प्रकाशमापक. त्याला 1.35 व्होल्टची पाऱ्याची बटण-बॅटरी लागे. तिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राही, म्हणून स्वस्तातही अचूक मापन जमे. पारा विषारी, म्हणून या बॅटऱ्या हद्दपार झाल्या. अमेरिकेत 1996 च्या कायद्यानं त्यांची विक्री थांबली. आणि पाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो: जुन्या टीव्ही-रेडिओत, कॅमेऱ्यात लाखमोलाचा 'रेड मर्क्युरी', म्हणजे लाल पारा, असतो ही निव्वळ थाप आहे. 2009 मध्ये सौदी अरेबियात याच अफवेपायी जुन्या शिवणयंत्रांना अवाच्या सवा भाव आला होता. पाऱ्याचा ऑक्साइड लाल असू शकतो, पण तो फक्त विषारी असतो. त्याच्या नादानं जुनी बॅटरी फोडू नका, आणि या थापेवर कुणी पैसे मागितले तर सरळ पोलिसांत जा.

आजची अल्कलाइन बॅटरी 1.5 व्होल्टनं सुरू होते आणि उतरत जाते. सिल्व्हर ऑक्साइडची 1.55 वर टिकते, पण मग मापकाला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळवंडतो. तिच्याबरोबर शॉटकी डायोड हा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग एकसरीत जोडला की सुमारे 0.2 व्होल्ट तिथे गळतात आणि दाब पुन्हा 1.35 च्या आसपास येतो. गळती प्रवाहावर अवलंबून असते, म्हणून डायोड मल्टीमीटरनं मोजूनच निवडावा. सोल्डरिंग नको असेल त्यांच्यासाठी श्रवणयंत्राची 675 नंबरची झिंक-एअर बॅटरी आहे, सुमारे 1.4 व्होल्टची. आकारानं ती लहान, म्हणून भोवती रबरी कडी घालावी लागते. वरचा कागद सोलला की तिला हवा मिळते आणि ती चालू होते, पण त्याच छिद्रांतून आतला ओलावाही उडत राहतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ती पावसाळ्यापेक्षा लवकर दम तोडते, तेव्हा कागद रोल भरायच्या दिवशीच सोलावा.