इच्छास्वातंत्र्य, पाप व आज्ञापालन (ख्रिस्ती मत)

देवाने माणसाला निवडीची मोकळीक दिली, माणसाने ती आज्ञाभंगासाठी वापरली आणि पाप जगात आले, ही बायबलच्या ‘उत्पत्ती’ ग्रंथातील (अध्याय २ व ३) कथा. ती सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. वाद पुढचा आहे : पहिला माणूस आदाम याच्या पतनानंतर माणसाची इच्छाशक्ती कितपत शाबूत राहिली? त्या वादाचा माग येथे बेळगाव परिसरापर्यंत घेतला आहे.

पाळता येणार नाही अशी आज्ञा देव देणारच नाही, असे पाचव्या शतकाच्या प्रारंभीचा ख्रिस्ती तपस्वी पेलॅगियस याचे म्हणणे. त्याचे मत बरेचसे विरोधकांच्या लेखनातून हाती येत असल्याने ते सावधपणे वाचावे लागते. त्याचा विरोधक बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या मते मूळ पाप, म्हणजे आदामाच्या अपराधाचा दोष, वंशपरंपरेने येते आणि कृपेवाचून (देवाच्या विनामोल साहाय्यावाचून) इच्छा देवाकडे वळूच शकत नाही. कार्थेजच्या परिषदेने (४१८) पेलॅगियसचे मत फेटाळले. मात्र ऑगस्टीनची सर्व मते चर्चने जशीच्या तशी उचलली, हे विधान तितकेसे बरोबर नाही. ऑरेंजच्या परिषदेने (५२९) कृपेचे प्राथम्य मानले, पण काहींना देवानेच दुष्टतेसाठी नेमले ही कल्पना धिक्कारली. पुढे प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने (१५२५) विद्वान इरॅस्मसविरुद्ध इच्छा पापाने बद्ध असल्याचे मांडले. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने ती दुर्बल झाली, नष्ट झाली नाही, असा निर्णय दिला (१५४७). डॉर्टच्या प्रॉटेस्टंट सभेत (१६१८–१९) डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांचा पराभव झाला, तरी अठराव्या शतकात मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली याने त्यांचीच बाजू उचलली : देवाची पूर्वकृपा सर्वांना मिळते, स्वीकार किंवा नकार माणसाचा. त्याने मेथॉडिस्टांसाठी अँग्लिकन चर्चच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) श्रद्धाकलमांचा संक्षेप केला (१७८४), तेव्हा इच्छास्वातंत्र्याचे कलम ठेवले आणि पूर्वनियोजनाचे (कोणाचे तारण व्हायचे हे देवाने आधीच ठरवले आहे या मताचे) गाळले.

बेळगावच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. येथील लंडन मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेचे काम १८२० मध्ये बळ्ळारीहून आलेल्या जोसेफ टेलर यांनी सुरू केले. त्या मिशनचा कल सामान्यतः कॅल्व्हिनवादी, म्हणजे पूर्वनियोजन मानणारा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी (बहुधा १९०४) ते मेथॉडिस्टांकडे सोपवले गेले. म्हणजे माणसे तीच, पण त्यांच्या अधिकृत शिकवणीत इच्छेचे स्थान बदलले. मंडळीत त्यावरून खळबळ झाली असावी असे वाटत नाही. मिशनऱ्यांच्या रोजच्या प्रवचनात पूर्वनियोजनापेक्षा पश्चात्तापावरच भर असे.

बेळगावात जन्मलेले मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा बाप्तिस्मा १८५४ चा. मन वळणे आणि प्रत्यक्ष दीक्षा यांत काही काळ गेला. त्या काळच्या मराठी वादविवादात खरी अडचण येई ती मूळ पापाचीच. स्वतःच्या कर्माचे फळ स्वतः भोगणे ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले. आदामाच्या अपराधाचा वारसा आपल्याकडे कसा, हे पटवणे कठीण. यावर प्रेषित पौलाचे उत्तर (रोमकरांस ५:१९) नेहमी दिले जाते : एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ पापी ठरले, तसे एकाच्या आज्ञापालनाने नीतिमान ठरतील. हा ‘दुसरा एक’ म्हणजे अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे, तर तुझ्या इच्छेप्रमाणे’ म्हणणारा येशू. ख्रिस्ती मतात आज्ञापालन म्हणजे इच्छेचा लोप नव्हे, तिचे स्वखुशीने केलेले समर्पण, असा अर्थ त्यावरून घेतला जातो आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो.

बेळगावजवळच्या खानापूर भागातील कॅथलिकांचे नाते गोव्याशी. आदामाच्या पतनाची कथा तेथे जेझुइट धर्मगुरू स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने (१६१६) मराठी ओवीत आणली. कॅथलिक शिकवणीनुसार पाप प्राणघातक (देवाशी असलेले नाते तोडणारे) ठरण्यास तीन गोष्टी लागतात : गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती. म्हणून पापनिवेदनात (पापांची कबुली देताना) फादरसमोर नुसते ‘रागावलो’ म्हणून भागत नाही. जाणूनबुजून केले का, किती वेळा केले, हेही सांगावे लागते. हे निवेदन वर्षातून निदान एकदा करावे, हा नियम १२१५ पासूनचा. मेथॉडिस्ट उपासनेत प्रभुभोजनापूर्वी सारी मंडळी एका सुरात कबुली म्हणते. व्यक्तीला वेगळे बसवून विचारणा होत नाही. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. या भागातील उपासना मराठी, कोकणी व कन्नड अशा तिन्ही भाषांत चालतात.