जंगलात न्यायचं दमदार पिस्तूल: कल्पना आली कुठून, आणि येऊरच्या वेशीवर ती का थांबते

येऊर किंवा घोडबंदर भागात बिबट्या दिसल्याची बातमी आली की ठाण्यातल्या ट्रेकिंगवाल्यांमध्ये हा विषय निघतोच. परवाना काढून एखादं जोरदार सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल जवळ ठेवावं का, आणि ठेवायचं तर कोणतं, त्यात काडतूस कुठलं? मग १० मिमी हे काडतूस, ते झाडणारं ग्लॉक २० पिस्तूल, कडक शिशाची गोळी अशी नावं घेतली जातात. ती नावं खरी आहेत, पण त्यांचा जन्म अस्वलांच्या मुलुखातला आहे. आपल्याकडच्या परवान्याचा उगम मात्र १८५७ नंतरच्या भीतीत आहे.

आधी पिस्तुलाचं बघू. अमेरिकेच्या रानात फिरणारे लोक फार वर्षं कमरेला रिव्हॉल्व्हरच लावत. १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं, पन्नाशीच्या दशकात .४४ मॅग्नम. एवढ्या दाबाची, एवढी लांब काडतुसं त्या काळच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत बसत नव्हती. १९११ पासून अमेरिकी सैन्यात असलेलं .४५ भरवशाचं होतं, पण त्याची गोळी जड आणि संथ. ही उणीव भरायला १९८३ मध्ये १० मिमी ऑटो आलं. अमेरिकी पिस्तूलतज्ज्ञ जेफ कूपर यांच्या कल्पनेतून ब्रेन टेन नावाचं पिस्तूल निघालं आणि त्याची काडतुसं स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने बनवली. २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे १२०० फूट वेगाने जायची. पिस्तुलं ग्राहकांच्या हाती पडली, पण कित्येकांना काडतुसं भरायची मॅगझिनच मिळाली नाहीत आणि कंपनी तीन वर्षांत बुडाली. काडतूस तेवढं टिकलं.

ते टिकण्यामागे एक चकमक आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे दोन एजंट दोन दरोडेखोरांशी लढताना मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिमीची गोळी लागली होती, पण ती हृदयापर्यंत पोचली नाही आणि तो गोळ्या झाडत राहिला. गोळी शरीरात किती खोल जाते, याची शिस्तीत मोजणी तिथून सुरू झाली. एफबीआयने १० मिमी उचललं. पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का जास्त वाटल्याने सौम्य काडतूस करून घेतलं. मग त्या सौम्य काडतुसासाठी एवढ्या लांब पुंगळीची (काडतुसाच्या धातूच्या नळीची) गरजच उरली नाही, म्हणून १९९० मध्ये तिची आखूड आवृत्ती .४० एस अँड डब्ल्यू आली आणि पोलीस तिकडे वळले. १० मिमी उरलं ते शिकाऱ्यांकडे आणि अस्वलांच्या प्रदेशात राहणाऱ्यांकडे. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणारं डेन्मार्कचं सिरियस पथक ध्रुवीय अस्वलांपासून बचावासाठी ग्लॉक २० बाळगतं.

काडतुसाच्या निवडीमागेही अस्वलच आहे. माणसापासून बचावासाठी पोकळ टोकाची गोळी घेतात. ती आत जाऊन फुलते आणि थांबते. अस्वलाची चरबी, जाड स्नायू आणि हाडं भेदून आत पोचायचं तर फुलणारी गोळी कमी पडते. म्हणून कडक शिशाची, सपाट टोकाची, जड गोळी घ्यायला सांगतात. बिबट्यासाठी या हिशेबाला काही आधार नाही. आपल्याकडचा बिबट्या पन्नास-साठ किलोच्या आसपास, आणि त्याचा हल्ला झालाच तर बहुधा अंधारात, मागून, लहान मुलावर. त्या क्षणी कमरेचं पिस्तूल, ते कितीही दमदार असो, हातात येतच नाही.

आता आपला कायदा. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घ्यायचं ठरवलं आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. त्यात युरोपियनांना सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. भेदभाव गेला, पण सैन्य-पोलिसांची काडतुसं नागरिकांच्या हाती जाऊ नयेत ही धास्ती राहिली. म्हणून ९ मिमी, .३८, .४५५ ही मापं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या मापांत, गेली. परवानाधारकाच्या वाट्याला आलं ते मुख्यतः .३२. कानपूरच्या कारखान्याची .३२ रिव्हॉल्व्हर, नाहीतर .३२ ची अशनी पिस्तूल. .३२ एसीपीच्या गोळीची ऊर्जा साधारण १७५ ज्यूल असते. नॉर्माच्या त्या मूळ काडतुसाची साडेआठशेच्या वर जाते. कोणतं पिस्तूल घ्यावं याची परदेशी यादी ठाण्यात निरुपयोगी ठरते ती इथे.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९५९ च्या कायद्याचं कलम १३. संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंचांची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्याचा त्यात वेगळा विचार आहे. म्हणजे शहापूर-मुरबाडच्या शेतात रानडुक्कर हाकायला कायद्याने लांब नळी धरली होती. पिस्तुलाला तशी वेगळी वाट ठेवली नाही. ते व्यापाऱ्याच्या, जिवाला धोका असलेल्या माणसाच्या अर्जातलं शस्त्र राहिलं.

शेवटची भिंत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची. त्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. म्हणजे खिशात परवाना असला तरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येऊरची पायवाट पिस्तुलासाठी बंद. कलम ३४ तर घरापर्यंत येतं: अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नोंद करायची, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या संमतीशिवाय द्यायचा नाही. ठाण्याच्या पश्चिमेला उद्यान आणि पूर्वेला खाडीत २०१५ मध्ये जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य. त्यामुळे ठाणे शहराचा बहुतेक भाग आणि खाडीपलीकडे ऐरोली, घणसोली, वाशी हे सगळं त्या दहा किलोमीटरांत येतं.

२००४ च्या उन्हाळ्यात उद्यानाभोवती बिबट्यांचे जीवघेणे हल्ले लागोपाठ झाले, तेव्हा उत्तर बंदुकीत सापडलं नाही. जुन्नरच्या बिबट्यांवर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांनी केलेल्या अभ्यासात पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले वाढल्याचं दिसलं होतं. त्यातून शिकून कचरा उचलणं, वस्तीत आणि पाड्यांवर दिवे लावणं, मुलांना संध्याकाळी एकटं न सोडणं यावर भर आला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हाही वनविभागाच्या पथकाने त्याला भुलीचं इंजेक्शन देऊनच जिवंत पकडलं.