रेड वाइन गडद म्हणजे कडक? अजिबात नाही

नवीन माणूस रेड निवडायला गेला की कोणीतरी सांगतंच, रंग बघ, फिकी असेल तर हलकी, गडद असेल तर कडक. वर्षानुवर्षं चालत आलंय हे, आणि चक्क चुकीचं आहे.

रंग येतो द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यातून. तोंड आवळल्यासारखं करतं ते टॅनिन, ते साल, बिया, देठ सगळीकडून येतं. आणि अल्कोहोल ठरतं द्राक्षातली साखर किती आंबली त्यावर. तीन वेगळ्या गोष्टी, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा म्हणजे नुसता जुगार!

इटलीतली बारोलो घ्या, नेबिओलो द्राक्षाची, ग्लासात फिकट दिसते, जुनी झाली की विटकरी, म्हणून कोणी नाजूक समजून घोट घेतला तर टॅनिन असं येतं की हिरड्या धरून बसतात, वर अल्कोहोल किमान 13 टक्के. ग्रनाश द्राक्षाची वाइनही बऱ्याचदा फिकी, पण 14-15 टक्के सहज. उलट अर्जेंटिनाची माल्बेक जांभळी-काळी, तरी बऱ्याच बाटल्या मऊच लागतात.

मग निवडायचं कसं? कोरा कडक चहा आवडत असेल तर कॅबर्ने सोविन्यों, नेबिओलो बघा. तो तुरटपणा नको असेल तर गामे (बोजोले याच द्राक्षाची) किंवा पिनो न्वार. मधलं काही हवं तर मर्लो. आणि अल्कोहोल लेबलवर लिहिलेलं असतं हो, त्यासाठी ग्लास उजेडात धरून बघायची नाटकं कशाला.