मास मीडियाची पदवी आणि मास मीडियाचा डिप्लोमा

बारावीचा निकाल लागला की तोच प्रश्न फिरून येतो: ‘अमुक इन्स्टिट्यूटमध्ये मास कॉम करू, की कॉलेजात बीएमएम?’ नावांचं आधी उरकून टाकू. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमचं (बॅचलर ऑफ मास मीडिया) २०१९ मध्ये बीएएमएमसी (बीए इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झालं. अभ्यासक्रमाची जात तीच. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुठल्याही शाखेतून जाता येतं. यापलीकडे नावावर वेळ घालवू नका.

खरा घोळ आहे तो शेवटी कागद कोण देणार याचा. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे पदवी देऊ शकतात ती कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्था. बाकी कुणी तीन वर्षं शिकवलं, लाखांत फी घेतली, तरी हातात पडतो तो डिप्लोमा. बारावीनंतरच्या असल्या डिप्लोमावर तुम्ही पदवीधर होत नाही. एमएला प्रवेश नाही, एमपीएससीच्या राज्यसेवेचा अर्ज नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला तर एमए किंवा चार वर्षांची पदवी लागते.

पाटीवरून काही कळत नाही. पुण्याचं ‘रानडे इन्स्टिट्यूट’ ही खासगी संस्था वाटते, पण तो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आहे. उलट १९६५ मध्ये सुरू झालेली, देशभर नाव असलेली दिल्लीची आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) वर्षानुवर्षं पदव्युत्तर पदविकाच देत होती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला मिळाला २०२४ मध्ये.

सगळ्यात चीड आणणारा शब्द म्हणजे ‘टाय-अप’. वर्ग अंधेरीत, पदवी परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची. खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, हे यूजीसीच्या २००३ च्या नियमांतच आहे. मग अशी पदवी एकतर ऑनलाइन किंवा दूरस्थ असते, नाहीतर बेकायदा. यूजीसीची मान्यता असेल तर दूरस्थ पदवीत कमीपणा काही नाही. पण मग ती तशी आहे हे उघड सांगा आणि रेग्युलरची फी उकळू नका.

दुसरा सापळा नामांकित कॉलेजातही असतो. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न, पण तुम्हाला दिलेला कोर्स त्याच इमारतीत चालणारा कॉलेजचा स्वतःचा डिप्लोमा. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नुसतं कॉलेजचं नाव शोधून थांबू नका. त्या नावापुढे तुमचा कोर्स आहे का ते बघा. माहितीपुस्तिकेवर विसंबण्यापेक्षा मागच्या बॅचमधल्या कुणाची तरी गुणपत्रिका मागा: वर विद्यापीठाचं नाव हवं, पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, हवा. पदवी डिजिलॉकरमध्ये दिसत असेल तर उत्तमच. गुणपत्रिका दाखवायला टाळाटाळ झाली की फी भरू नये, मग भिंतीवर कितीही वृत्तनिवेदकांचे फोटो असोत.

डिप्लोमा वाईट नाही, त्याची जागा पदवीनंतर. हातात पदवी आली की वर्षभराचा चांगला डिप्लोमा कामाचं शिक्षण देतो. तिथे मात्र मान्यतेच्या आधी हे विचारा: बॅचमध्ये मुलं किती, कॅमेरे किती, आणि एडिटिंगची मशीन संध्याकाळी सहानंतर मिळतात का.