सरळ पाय, वाकवलेला पाय: पिलाटीजच्या क्लासमधलं भाराचं गणित

पाठीवर झोपून एक पाय सरळ, जमिनीपासून चार बोटं वर उचलला, तर कमरेला काय पेलावं लागतं? साठ किलोच्या माणसाच्या एका पायाचं वजन शरीराच्या साधारण १६ टक्के, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास असतं. त्याचा गुरुत्वमध्य खुब्यापासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर येतो. हा पाय धरून ठेवणारा मुख्य स्नायू थेट कमरेच्या मणक्यांपासून निघतो, त्यामुळे पायासोबत तो मणक्यांनाही पुढे ओढतो, आणि ही ओढ पोटाच्या स्नायूंना थोपवावी लागते. आता तोच पाय गुडघ्यात काटकोनात वाकवा. मांडी उभी, पोटरी जमिनीला समांतर. मांडीचा भार सरळ खुब्यात उतरतो आणि बाहेर उरते फक्त पोटरी व पाऊल, साडेतीन किलोच्या थोडं वर, तेही २४ सेंटीमीटरवर. खुब्याभोवतीचा फिरवणारा जोर जवळपास एक चतुर्थांशावर येतो. व्यायामाचं नाव तेच राहिलं, पण पोटाच्या स्नायूंचं काम चौपटीने कमी झालं.

एकाच वर्गात वेगवेगळ्या क्षमतेच्या लोकांना शिकवण्याचं निम्मं कसब या हिशेबात आहे. नागपुरात धरमपेठेत काय किंवा मानेवाड्यात काय, सकाळच्या बॅचला आठ मॅट पडल्या की त्यावर मिहानमध्ये (नागपूरच्या आयटी-उद्योग वसाहतीत) दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा तिशीतला मुलगा असतो, बाळंतपणाला सहा महिने झालेली ताई असते, बीपीची गोळी घेणारे काका असतात आणि गुडघे धरून बसणाऱ्या काकूही असतात. सगळ्यांना एकच प्रकार सांगून चालत नाही, आणि आठ वेगळे प्रकार एका तासात शिकवताही येत नाहीत. व्यायाम एकच ठेवून त्यातल्या चार गोष्टी बदलायच्या: पाय किंवा हात किती लांब, टेकायला जागा किती, हालचाल किती मोठी आणि वेग किती.

कुठे थांबायचं ते शरीरच दाखवतं. कमरेखालची फट आधी तळहात जेमतेम सरकण्याइतकी होती आणि पाय सरळ करताच मूठ मावेल एवढी झाली, तर पोटाचे स्नायू हरले. पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा आला, तर आतला दाब पोटाच्या भिंतीला सांभाळता येत नाही. बाळंतपणानंतर हे हमखास पाहावं. श्वास अडकला, जबडा आवळला, खांदे कानांकडे गेले, तरी एक पायरी मागे यायचं. यातलं एक लक्षणही पुरेसं आहे.

नवीन माणूस आला की तो म्हणतो, 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'नस दबलीय'. एवढ्यावर व्यायाम ठरवता येत नाही. त्यापेक्षा विचारावं: पुढे वाकल्यावर दुखतं की मागे झुकल्यावर? बसून वाढतं की चालून? बसल्यावर आणि वाकल्यावर वाढत असेल, तर गुडघे छातीशी घेऊन पाठ गोल करण्याचे प्रकार सध्या बाजूला ठेवावेत. उलट चालताना पाय जड होतात आणि पुढे झुकून बसलं की बरं वाटतं, असं सांगणाऱ्या वयस्क माणसाला पालथं झोपून छाती उचलायला लावलं तर त्रास वाढतो. दोघांचंही दुखणं 'कमरेचं'च, पण त्यांना द्यायचे व्यायाम एकमेकांच्या उलट. पायात नव्याने बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर क्लास नको, आधी डॉक्टर. खोकताना लघवी सुटते हे बायका सगळ्यांसमोर सांगत नाहीत. ते एकटीला बाजूला घेऊन विचारावं.

सर्वात जास्त काळजी ठिसूळ हाडांची घ्यावी लागते, आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं. जोसेफ पिलाटीज (१८८३–१९६७) यांनी १९४५ साली मांडलेल्या ३४ मॅट व्यायामांपैकी बरेचसे पाठ गोल करण्याचे आहेत. निरोगी, लवचीक शरीराला ते उत्तम. पण पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर भार एकवटतो, आणि ऑस्टिओपोरोसिसमध्ये तीच कड दबून पाचरीसारखी होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ महिलांचा मागोवा घेतला होता. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नव्याने दबलेपण आढळलं, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या. अभ्यास छोटा होता, तरी फरक एवढा मोठा आहे की पाळी गेलेल्या आणि हाडांची तपासणी न झालेल्या काकूंना पहिल्याच दिवशी 'रोल अप' (उताणं झोपून पाठ गोल करत उठून बसणं) देणं योग्य नाही. त्यांना पालथं झोपून कपाळ घडी केलेल्या टॉवेलवर टेकवायचं, तळहात मांड्यांच्या बाजूला, आणि छातीचं हाड जमिनीवरून दोन बोटं वर. मान लांब, नजर खाली, ५ सेकंद धरून ६ वेळा. कंबर दुखली तर ओटीपोटाखाली पातळ उशी. पाठीवर झोपताना कुबडामुळे हनुवटी छताकडे जात असेल, तर डोक्याखाली कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील एवढी चादरीची घडी ठेवायची. ती ठेवली नाही तर सगळा तास मानेवर जातो.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) क्लास पहाटे साडेपाचला सुरू करावा लागतो आणि लोक अंथरुणातून उठून थेट मॅटवर येतात. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक टक्का उंच असतो, आणि त्यातली निम्म्याहून अधिक उंची उठल्यापासून तासाभरात कमी होते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. म्हणून पहाटेच्या बॅचमध्ये पहिली २५ मिनिटं उभ्याने, चार पायांवर (हात-गुडघे टेकून) आणि कुशीवर घालवावी. पाठ गोल करण्याचे प्रकार शेवटी, आणि गादीचं दुखणं असलेल्यांना तेव्हाही नाहीत. संध्याकाळच्या बॅचला हा क्रम बदलला तरी चालतो.

आता एकच व्यायाम जवळून पाहू: ब्रिज. पाठीवर झोपून गुडघे वाकवलेले, पावलं खुब्याएवढ्या अंतरावर, टाच आणि नितंब यांत एक ते दीड वीत. श्वास घ्या, सोडताना टाचांनी जमीन दाबा आणि खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत एक रेघ होईल एवढेच नितंब उचला. वर एक श्वास, मग सावकाश खाली. ८ ते १० वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पावलं फार लांब गेली आहेत: नितंबांचं काम मांडीमागचे स्नायू करू पाहतात आणि आखडतात. पावलं दोन-तीन सेंटीमीटर जवळ घेतली की बहुतेकदा सुटतं. पण गुडघ्याची वाटी दुखणाऱ्या काकूंना पावलं थोडी लांबच बरी, त्यांच्यासाठी नितंब कमी उचलायचे. ठिसूळ हाडं असलेल्यांनी एकेक मणका सोडवत वर न जाता पाठीची फळी एकसंध उचलावी. गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या सुमारापासून उताणं झोपल्यावर गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं आणि चक्कर किंवा मळमळ होऊ शकते. अशा गरोदर ताईला भिंतीला पाठ लावून अर्धं बसण्याचा प्रकार द्यावा, आणि झोपवायचं असेल तेव्हा डाव्या कुशीवर. मिहानवाल्या मुलाला मात्र एक पाय सरळ करून ब्रिज धरायला सांगा: टेकण्याची जागा अर्धी झाली की त्यालाही घाम फुटतो.

बीपीवाल्या काकांच्या बाबतीत सगळं लक्ष श्वासाकडे. तोंड मिटून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि बीपी क्षणात वर जातं. त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावावे; आवाज थांबला की श्वास अडकला हे कळतं. बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर नाडीवरून मेहनत मोजू नये, कारण औषध नाडीला फारसं वर जाऊ देत नाही. सलग वाक्य बोलता येतंय का, हीच कसोटी. डोकं हृदयाच्या खाली जाणारे प्रकार त्यांना नकोत, काचबिंदू असलेल्यांनाही नकोत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर क्लासआधी ९० च्या खाली असेल, तर १५ ग्रॅम साखर पोटात जाऊ द्यावी, म्हणजे अर्धा कप संत्र्याचा रस. त्यांच्या तळपायांची जाणीव कमी असू शकते, म्हणून अनवाणी करताना तळवे आधी बघून घ्यावेत.

सूचना कशी दिली याने हालचाल बदलते. 'पोट आत घ्या' म्हटलं की दहातले निम्मे श्वास धरून बरगड्या वर ओढतात. त्याऐवजी 'लघवी रोखल्यासारखं हलकेच धरा आणि बोलत राहा' हे बहुतेकांना जमतं. लक्ष स्नायूपेक्षा बाहेरच्या वस्तूवर असेल तर हालचाल लवकर शिकली जाते, असं हालचालींच्या शिक्षणावरचे प्रयोग सांगतात. 'मांडीमागचा स्नायू ताणा' यापेक्षा 'टाचेने समोरची भिंत ढकला' बरं. हात लावून दुरुस्त करायचं असेल तर प्रत्येक वेळी विचारून.

रिफॉर्मर (स्प्रिंगांच्या ताणावर सरकणारी गाडी असलेलं पिलाटीजचं यंत्र) असलेल्या ठिकाणी नवख्यांचा एक गैरसमज होतो: स्प्रिंग कमी लावली म्हणजे सोपं. पायांनी गाडी ढकलताना ते खरं आहे. पण पाय पट्ट्यांत अडकवून खाली-वर करायचे असतात तेव्हा जड स्प्रिंग पायांचं वजन उचलून धरते. हलकी केली की तेच वजन पोटावर येतं. कमकुवत कमरेच्या माणसाला तिथे जास्त स्प्रिंग लावायची.

तास संपताना पडण्याचा धोका सर्वात जास्त असतो. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर वळायचं, दोन्ही हातांनी ढकलून बसायचं, अर्धा मिनिट तिथेच. मग गुडघ्यांखाली टॉवेलची घडी घेऊन चार पायांवर, समोरच्या खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात, मजबूत पायाचं पाऊल पुढे, आणि त्या पायावर जोर देत वर. प्लास्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत टाइल्सवर सरकते, म्हणून खुर्ची लोखंडी किंवा लाकडी, पाठ भिंतीला टेकवलेली, बैठक ४५ सेंटीमीटरच्या आसपास. ज्या काकूंना जमिनीवर उतरणंच जमत नाही, त्यांचा सगळा तास याच खुर्चीवर घेता येतो: बैठकीच्या पुढच्या कडेवर ताठ बसून एक पाऊल जमिनीवरून दोन सेंटीमीटर उचलायचं, कंबर मागे न झुकवता पाच मोजायचे, मग दुसरं.